पंख्याखालची दांडी

रिमोटवरचं हेलिकॉप्टर घ्यायचंय म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी आर्थर यंगची गोष्ट सांगतो. समोरच्याला किंमत आणि बॅटरीची मिनिटं हवी असतात, त्यामुळे तो वैतागतो. पण हे यंत्र हवेत एका जागी थांबायला का तयार नसतं, हे यंगशिवाय नीट कळत नाही.

यंग अमेरिकेतला. प्रिन्स्टनला गणित शिकला, पण मनात होतं तत्त्वज्ञान. त्याआधी एखादा खराखुरा, हाताने सोडवायचा प्रश्न घ्यावा असं त्याने ठरवलं आणि १९२८ साली हेलिकॉप्टर निवडलं. पुढची बारा-तेरा वर्षं त्याने छोटी मॉडेलंच बनवली. मला हा माणूस आवडतो तो इथेच. तेव्हा बाकीचे लोक माणूस बसेल एवढी यंत्रं बांधत होते. एक कोसळलं की पैसा आणि वर्ष दोन्ही गेलं. यंगचं मॉडेल कोसळलं तर पेन्सिल, कागद आणि पुन्हा सुरुवात.

अडचण अशी होती: पंखा जरा कलला की यंत्र त्या बाजूला सरकतं, मग उलट झोका खातं, तो झोका पहिल्यापेक्षा मोठा, पुढचा त्याहून मोठा, आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला जमीन. यंगने पंख्याखाली, पात्यांना काटकोनात, दोन्ही टोकांना वजनं असलेली एक दांडी बसवली. फिरता भोवरा जसा आपली पातळी सहजी सोडत नाही, तशी ही दांडीही सोडत नाही. पात्यांचा कोन त्याने या दांडीला जोडला. खालचं धड हललं तरी पंखा दांडीचं ऐकणार. झोके थांबले.

१९४१ मध्ये त्याने बफेलोच्या बेल कंपनीत जाऊन हे मॉडेल उडवून दाखवलं आणि कंपनीने त्याला कामावर घेतलं. त्यातून आलेल्या बेल ४७ ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळाला. हेलिकॉप्टरला मिळालेला हा जगातला पहिला. पारदर्शक बुडबुड्यासारखी केबिन असलेलं हे यंत्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. यंग मात्र १९४७ मध्ये नोकरी सोडून तत्त्वज्ञानाकडे परतला.

म्हणजे मॉडेलातून खरं हेलिकॉप्टर झालं. उलटा प्रवास मात्र सोपा नव्हता. रेडिओवर विमानं उडवणारे हौशी लोक कितीतरी होते, पण हेलिकॉप्टर कुणाला जमेना. लहान यंत्र हलकं, त्यामुळे सगळं फार वेगात बिघडतं. आत बसलेल्या पायलटला शरीराला जाणवणारा कल बाहेर उभ्या माणसाला जाणवत नाही. शिवाय त्या काळच्या छोट्या मोटरींत मोठी पाती वळवण्याची ताकद नव्हती.

तोडगा काढला जर्मनीच्या डीटर श्ल्यूटरने. यंगच्या दांडीला त्याने स्टॅन्ली हिलरच्या कल्पनेची जोड दिली: दांडीच्या टोकांना छोटे पंख. मोटरीने फक्त हे पंख वळवायचे, ते दांडीला कलवणार आणि दांडी मोठ्या पात्यांना. १९७० साली त्याचं ह्यूई कोब्राचं मॉडेल ११.५ किलोमीटर अंतर उडालं. मग कोब्राचे किट विकायला आले आणि छंद सुरू झाला.

शेपटीचा पंखा तेव्हा डाव्या अंगठ्याने सांभाळावा लागे. ताकद वाढवली की धड उलट दिशेला गरगरणार. ते आधी ओळखून अंगठा हलवायचा. नंतर पितळी चकत्या फिरवणारे जायरो आले. पुढे आली तुमच्या फोनमध्ये असते तसली नखाएवढी जायरो चिप. अशा तीन दिशा मोजणाऱ्या चिपा लागल्यावर २०१० च्या आसपास दांडीच निघून गेली. यंगची बारा वर्षं आता सॉफ्टवेअरच्या काही ओळींत आहेत. मला हे थोडं लागतं, पण उडवायला नवी यंत्रंच बरी, हेही खरं.

मध्येच जपानची गोष्ट सांगायला हवी. भातशेतीवर फवारणीसाठी यामाहाने १९८७ मध्ये आर-५० नावाचं रिमोटचं हेलिकॉप्टर तयार केलं. शेतावर आज जे ड्रोन फवारणी करतात, त्यांचा हा थोरला भाऊ.

ड्रोनचा विषय निघालाच आहे तर: हात सोडले की ड्रोन जीपीएसच्या भरवशावर जागेवर थांबतो. मॉडेल हेलिकॉप्टरमधली चिप बहुधा फक्त कल सांभाळते, जागा सांभाळत नाही. वारा आला की ते निघालं. म्हणून नवे लोक ड्रोनकडे जातात आणि मैदानात आम्ही मोजकेच उरतो.

तरीही यायचं असेल तर आधी महिनाभर कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर पाडापाडी करा. तिथे पाती फुकट असतात. मग खऱ्या यंत्राच्या पायांखाली दोन काठ्यांची फुली बांधा, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू, म्हणजे कललं तरी पातं जमिनीला लागत नाही. आणि लांब उभे राहा. ३५ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला २,८०० फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने जात असतं. याला खेळणं म्हणणाऱ्याच्या हातात मी रिमोट देत नाही.

सुरुवातीला शेपटी आपल्याकडे ठेवून तरंगवायचं. ते जमलं की तोंड आपल्याकडे. आता तुमचं डावं ते त्याचं उजवं. इथे बरेच जण छंद सोडतात. जे टिकतात त्यांचे अंगठे एक दिवस विचार न करता बरोबर हलतात, आणि नेमका कोणता दिवस ते कुणालाच सांगता येत नाही.