चाबकाचा हिशेब : घोड्यांच्या शर्यती आणि जॉकींची शिस्त

घोड्यांच्या शर्यतीत जॉकीने चाबूक किती वेळा उगारावा, हा प्रश्न वरकरणी मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सपुरता वाटतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाचा महालक्ष्मीच्या मैदानाशी काय संबंध, असे कुणीही विचारील. परंतु हाच माणूस सुटीच्या दिवशी गावाकडे शंकरपट पाहायला जातो, तेव्हा त्या पटावर काठी-चाबकाला कायद्याने पूर्ण बंदी असते. महालक्ष्मीच्या हिरवळीवर मात्र शेवटच्या दोनशे मीटरमध्ये चाबूक उगारणे हा खेळाचाच भाग मानला जातो. तो ‘फार’ वापरला गेला, तरच चौकशी होते. एकाच राज्यात बैलाच्या पाठीवरील फटक्याला एक न्याय आणि घोड्याच्या पाठीवरील फटक्याला दुसरा, असे हे चित्र आहे. ते का निर्माण झाले आणि जॉकींना होणाऱ्या शिक्षेचा उपयोग कितपत होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोनशे वर्षांची परंपरा

मुंबईत घोड्यांच्या शर्यतींचे नियमन करणारा बॉम्बे टर्फ क्लब १८०२ मध्ये स्थापन झाला. आरंभी शर्यती भायखळ्याला होत. १८८३ मध्ये महालक्ष्मीचा रेसकोर्स सुरू झाला आणि १९३५ पासून संस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब या नावाने ओळखली जाऊ लागली. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, असा तिचा वार्षिक क्रम आहे. २४०० मीटरची इंडियन डर्बी १९४३ पासून महालक्ष्मीवर धावली जाते आणि देशातील ती सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत समजली जाते.

या शर्यतींना कायद्याचे जे अभय मिळाले आहे, त्याचा आधार कौशल्य हा आहे. घोड्यांच्या शर्यतीतील यशापयश नशिबापेक्षा कौशल्यावर अवलंबून असते, त्यामुळे तिच्यावर पैसे लावणे म्हणजे जुगार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात दिला. घोड्याची पैदास, त्याची तालीम आणि जॉकीची स्वारी या गोष्टी तेथे महत्त्वाच्या ठरल्या. शर्यत कौशल्याची असेल, तर चाबूक हे कौशल्य की कौशल्याची उणीव, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

चाबूक कशासाठी?

जॉकी चाबकाच्या वापराची तीन कारणे सांगतात. पहिले सुरक्षिततेचे : घोडा बुजला, कठड्याकडे किंवा शेजारच्या घोड्यावर जाऊ लागला, तर त्याला आवरण्यासाठी चाबूक हाती हवा. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणारे सुमारे पाचशे किलो वजनाचे जनावर तिरके गेले, तर जॉकीच्या जिवावर बेतू शकते. दुसरे कारण दिशा सुधारण्याचे. तिसरे ‘प्रोत्साहना’चे, म्हणजे अखेरच्या टप्प्यात घोड्याकडून उरलेला जोर काढून घेण्याचे. पहिल्या दोन कारणांवर फारसे कुणी आक्षेप घेत नाही. सगळा वाद तिसऱ्याभोवती आहे.

चाबूकही काळानुसार बदलला. जुन्या कातडी चाबकाची जागा अनेक देशांत मऊ अस्तर लावलेल्या चाबकाने घेतली. ऑस्ट्रेलियात २००९ पासून असा चाबूक सक्तीचा झाला. या चाबकाचा आवाज मोठा आणि मार हलका, असे त्याचे समर्थक सांगतात. मार खरोखर किती हलका असतो, याबद्दल मात्र संशोधकांनी शंका घेतली आहे.

स्टुअर्डांचे न्यायालय

शर्यत संपल्यावर चित्रफीत पाहून, घोड्याच्या अंगावर वळ उठले आहेत का याची तपासणी करून, स्टुअर्ड जॉकीला बोलावतात. आपल्याकडे आणि जगात सर्वत्र शिस्तभंगाची पायरी साधारण सारखीच आहे : आधी ताकीद, मग दंड, मग काही दिवसांची किंवा शर्यतींची बंदी. एका टर्फ क्लबने घातलेली बंदी देशातील इतर क्लबही मान्य करतात, त्यामुळे मुंबईत बंदी आलेला जॉकी दुसऱ्या दिवशी बंगळुरूला स्वारी करू शकत नाही. ज्याचे उत्पन्न प्रत्येक स्वारीच्या मानधनावर आणि जिंकलेल्या बक्षिसातील ठरावीक हिश्श्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने ही शिक्षा लहान नसते.

पण जॉकीचा खरा पेच वेगळाच आहे. नियमावलीत चाबूक जास्त मारणे हा जसा गुन्हा, तसाच घोड्याला त्याच्या पूर्ण क्षमतेने न धावविणे हाही गुन्हा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा गंभीर. घोडा थोडक्यात हरला आणि जॉकीचा हात शांत दिसला, तर पैसे लावणारे प्रेक्षक ओरडतात, मालक जाब विचारतो आणि स्टुअर्डही चौकशी लावतात. घोडा जिंकला आणि चाबूक दोनदा जास्त पडला, तर दंड भरून प्रकरण मिटते. अशा स्थितीत जॉकी कोणता धोका पत्करील, हे सांगायला ज्योतिषी नको.

परदेशातील अनुभव

९ एप्रिल २०११ रोजी इंग्लंडमधील ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची प्रसिद्ध शर्यत बॅलाब्रिग्ज या घोड्याने जिंकली. त्याचा जॉकी जेसन मॅग्वायर याला चाबकाच्या अतिवापराबद्दल पाच दिवसांची बंदी झाली. विजय मात्र अबाधित राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीने फटक्यांची संख्या ठरवून दिली : सपाट शर्यतीत सात, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ, आणि अखेरच्या टप्प्यात पाचच. नियम लागू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ॲस्कॉटच्या चॅम्पियन स्टेक्समध्ये ख्रिस्तोफ सुमियों याने अखेरच्या टप्प्यात सहावा फटका मारला. त्याला पाच दिवसांची बंदी झाली आणि त्याचा सुमारे ५० हजार पौंडांचा हिस्सा काढून घेण्याचा निर्णय झाला. जॉकींनी मोठा निषेध केला, काही दिवसांतच अखेरच्या टप्प्याची मर्यादा मागे घेण्यात आली. या वेळीही घोड्याचा विजय कायम राहिला.

अमेरिकेत २०१५ ची केंटकी डर्बी अमेरिकन फेरो या घोड्याने जिंकली, तेव्हा त्याच्या जॉकीने ३२ वेळा चाबूक वापरल्याचे वार्ताहरांनी मोजले. त्या वेळी तेथे फटक्यांची संख्या बांधून दिलेली नसल्यामुळे त्याबद्दल कारवाईचा प्रश्नच आला नाही. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अखेरच्या १०० मीटरपूर्वी पाच फटक्यांची मर्यादा आली, पण त्या १०० मीटरमध्ये मोकळीक राहिली. २०२० च्या मेलबर्न कपमध्ये दुसऱ्या आलेल्या टायगर मॉथचा जॉकी केरिन मॅकएव्हॉय याला ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड आणि १३ शर्यत-दिवसांची बंदी झाली. दंडाचा आकडा डोळे विस्फारणारा खरा, परंतु घोड्याचे दुसरे स्थान आणि मालकाचे बक्षीस दोन्ही शाबूत राहिले.

या सर्व प्रकरणांतून एकच दोष दिसतो. शिक्षा जॉकीला होते आणि फायदा मालक, प्रशिक्षक व पैसे लावणारा यांच्याकडे राहतो. मोठ्या शर्यतीत दंड हा जणू विजयाच्या खर्चातील एक बाब होऊन बसतो.

ही गोष्ट नियामकांच्या ध्यानात यायला वेळ लागला, पण ती आली. अमेरिकेत १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय नियमांत सहा फटक्यांची मर्यादा आहे आणि ती चार किंवा अधिक फटक्यांनी ओलांडल्यास घोड्याच्या बक्षिसावरही गदा येते. ब्रिटनने २०२३ मध्ये मर्यादा सहा आणि सात अशी खाली आणली, मोठ्या शर्यतींसाठी शिक्षा दुप्पट केली आणि चार फटके जास्त झाल्यास घोडाच शर्यतीतून बाद करण्याची तरतूद केली. जॉकीच्या हाताला आवर घालण्याची जबाबदारी प्रथमच मालक आणि प्रशिक्षकावरही आली. नॉर्वेने तर १९८० च्या दशकातच वेग वाढविण्यासाठी चाबूक मारण्यास बंदी घातली, आणि तेथील शर्यती त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

विज्ञान काय सांगते?

चाबकाने घोडा खरोखर जोरात धावतो का? सिडनी विद्यापीठातील पॉल मॅकग्रीव्ही आणि डेव्हिड इव्हान्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील शर्यतींचे टप्पे तपासले. घोड्यांचा सर्वाधिक वेग ज्या टप्प्यात आढळला, तेथे चाबूक वापरलाच गेला नव्हता. चाबूक सर्वांत जास्त पडला तो अखेरच्या ४०० मीटरमध्ये, म्हणजे घोडे थकून त्यांचा वेग उतरत असताना, आणि त्याने तो उतार थांबला नाही.

दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाचा : चाबूक काढून घेतला, तर जॉकी मनापासून धाववतो आहे की नाही, हे प्रेक्षकाला कसे कळणार? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील १२६ शर्यतींचे स्टुअर्डांचे अहवाल तपासण्यात आले. चाबूक मारण्यास मनाई असलेल्या आणि परवानगी असलेल्या शर्यतींत घोड्यांचे भरकटणे, एकमेकांना होणारा अडथळा किंवा धावण्याची वेळ यांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने माणसाच्या आणि घोड्याच्या कातडीची तुलना केली. वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत दोघांत लक्षणीय फरक सापडला नाही. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. वेदना लपविणे त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही, म्हणून त्याला लागत नाही, असे समजणे चुकीचे आहे.

बैलाचा कायदा, घोड्याचा कायदा

आता पुन्हा आपल्या पटाकडे वळू. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलांचे प्रदर्शन आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणावर बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बेकायदा ठरविल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली.

ही परवानगी मिळाली ती अटींवरच. धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नको, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, गाडीवानाच्या हाती काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारे साधन नको. अट मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आता १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील सर्वसाधारण तरतूद पाहा. जनावराला मारहाण करणे किंवा त्याला क्षमतेपलीकडे राबविणे यासाठी पहिल्या गुन्ह्यास किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांत गुन्हा पुन्हा घडला, तर शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना काही वजन होते. आज रेसकोर्सवर त्याला काही अर्थ उरलेला नाही. त्यामुळे घोड्याच्या पाठीचे रक्षण प्रत्यक्षात कायद्याऐवजी क्लबच्या स्टुअर्डांच्या हाती सोपविलेले आहे. चौकशी करणारी संस्था आणि शर्यत भरविणारी संस्था एकच, हे त्यातील दुखणे.

गाडीवान शेतकरी आहे, जॉकीच्या मागे मात्र पैसा आणि प्रतिष्ठा आहे, म्हणून हा भेद झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धेच सत्य होईल. बैलगाडा शर्यतीच्या समर्थकांना न्यायालयात दहा वर्षे आपली बाजू मांडावी लागली आणि त्या ओघात त्यांनी चाबूक सोडण्याचे मान्य केले. घोड्यांच्या शर्यतींवर तशी वेळच आली नाही.

पुढे काय?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सची २११ एकर जमीन सार्वजनिक मालकीची आहे. २०२४ मधील निर्णयानुसार तिच्यातील सुमारे १२० एकर मुंबई महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, अशी वाटणी ठरली. सार्वजनिक जमिनीवर होणाऱ्या खेळाची शिस्त हा सभासदांचा खासगी मामला राहू शकत नाही. प्रत्येक शर्यतीनंतर फटक्यांची संख्या, ठोठावलेली शिक्षा आणि तिचे कारण मराठीतही जाहीर करणे, हे काम क्लबला कोणत्याही नव्या कायद्याविना करता येईल. मर्यादा ओलांडून मिळविलेल्या विजयाचे बक्षीस काढून घेणे, ही त्यापुढची पायरी. ती घेतली गेली, तर ‘चाबूक आवर’ हे जॉकीला सांगण्याचे काम मालक आणि प्रशिक्षक स्वतःच, शर्यतीच्या आधीच करू लागतील. आज त्याला बहुधा उलटीच सूचना मिळते आणि पकडला गेला, की शिक्षा तो एकटा भोगतो.