हिमगौरीची परदेशांतील मिळकत

चित्रपटाच्या यशापयशाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांस होते. रसिक म्हणविणारे लोक गल्ल्याची गोष्ट निघाली कीं नाक मुरडतात, आणि व्यापारी मंडळी गल्ल्यापलीकडे कांहीं पाहावयास तयार नसतात. हातानें काढलेल्या चित्रांचे जे बोलपट मुलाबाळांसह पाहण्यासाठीं निघतात, व ज्यांस हल्लीं अॅनिमेशनपट हें नांव रूढ झालें आहे, त्यांचा इतिहास वाचतांना आम्हांस असें वाटत आलें आहे कीं, या दोन्ही पक्षांनीं आपला हट्ट थोडा सोडावा. कारण कोणत्या तऱ्हेचा चित्रपट पुढें काढला जाईल आणि कोणत्या तऱ्हेचा टाकून दिला जाईल, हें पुष्कळदां कलावंताच्या मेजावर ठरत नसून दूरच्या एखाद्या देशाच्या जकातनाक्यावर ठरतें. वॉल्ट डिस्नेच्या आरंभींच्या मोठ्या चित्रपटांची कथा याच प्रकारची आहे. आणि तिच्याविषयीं एक समजूत इतकी पक्की झाली आहे कीं, ती तपासून पाहणें अवश्य आहे. ती समजूत अशी कीं, ‘हिमगौरी आणि सात बुटके’ लोकांस आवडला, ‘पिनोकिओ’ आवडला नाहीं, म्हणून पहिल्यानें पैसा दिला व दुसऱ्यानें बुडविला.

‘हिमगौरी’ची तयारी १९३४ सालीं सुरू झाली, तेव्हां खर्चाचा अंदाज अडीच लाख डॉलरांचा होता. प्रत्यक्षांत तो सुमारें १५ लाखांवर गेला. सात-आठ मिनिटांच्या विनोदी चित्रांसाठीं प्रसिद्ध असलेल्या माणसानें दीड तासाभराची परीकथा काढावी, व ती मोठ्या माणसांनीं तिकीट काढून पाहावी, ही कल्पनाच हॉलिवूडला वेडगळ वाटली. ‘डिस्नेचा मूर्खपणा’ असें त्या उद्योगाचें नामकरणहि होऊन गेलें. पैसे अपुरे पडले तेव्हां बँक ऑफ अमेरिकेच्या अधिकाऱ्यास अर्धवट तयार झालेला चित्रपट दाखवून कर्ज मिळवावें लागलें. २१ डिसेंबर १९३७ रोजीं लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरांत पहिला खेळ झाला, आणि १९३८ च्या फेब्रुवारींत तो सर्वत्र लागला. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे.

येथें एका तांत्रिक बाबीचा खुलासा केला पाहिजे, नाहीं तर आंकड्यांचा घोटाळा होतो. प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीवर जो पैसा टाकतो तो सगळा चित्रपट काढणाऱ्याच्या घरीं जात नाहीं. थिएटरवाला आपला वांटा काढून घेतो. उरलेली रक्कम वितरकाकडे जाते. वितरक आपलें कमिशन, प्रतींचा व जाहिरातीचा खर्च वळता करून घेतो. आणि मग जें शिल्लक राहील तें निर्मात्याच्या पदरांत पडतें. त्यांत मुलांसाठीं असलेल्या चित्रपटाची आणखी एक अडचण. निम्मा प्रेक्षकवर्ग अर्ध्या तिकिटाचा! डोकीं मोजलीं तर थिएटर भरलेलें, आणि पेटी उघडली तर ती अर्धी रिकामी. असें असूनहि ‘हिमगौरी’नें पहिल्या फेरींत वितरकाच्या, म्हणजे आर. के. ओ. कंपनीच्या, हातीं ८० लाख डॉलरांच्या आसपास रक्कम आणून दिली. त्यांपैकीं सुमारें ४२ लाख अमेरिका व कॅनडा येथील होते. उरलेले बाकीच्या जगाचे. थोडक्यांत, परदेश हें या धंद्यांत वरकड उत्पन्नाचें साधन नव्हतें. तो जवळजवळ दुसरा खांबच होता.

हा खांब इतका भक्कम कां, याचें कारण आमच्या मतें या कलेच्या स्वरूपांतच आहे. अमेरिकन नट पडद्यावर फ्रेंच बोलूं लागला कीं ओठ एक बोलतात व आवाज दुसरें सांगतो. प्रेक्षकाचा विश्वास उडतो. परंतु बुटक्यांना स्वतःचा आवाज असा नसतोच. जो आवाज त्यांस द्यावा तो त्यांचा होतो. डिस्नेच्या लोकांनीं हें ओळखलें आणि दहाच्या आसपास भाषांत चित्रपट नव्यानें बोलविला, गाणींहि त्या त्या भाषेंत गाऊन घेतलीं. इतकेंच नव्हे, तर बुटक्यांच्या पलंगांवर कोरलेलीं नांवें परभाषांच्या प्रतींसाठीं पुन्हां नव्यानें चितारलीं. एका लहान मुलास पलंगावरील नांव आपल्या लिपींत वाचतां यावें म्हणून हा खटाटोप! धंद्याची दृष्टि व मुलाविषयींची आस्था यांतील सीमारेषा येथें कोठें काढावी, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

तथापि सर्वच दारें उघडीं नव्हतीं. इंग्लंडांतील परीक्षण मंडळानें चेटकिणीच्या व अरण्याच्या प्रसंगांनीं मुलें भितील म्हणून चित्रपटास ‘ए’ वर्गाचा दाखला दिला. म्हणजे सोबत वडील माणूस असल्याखेरीज मुलांस प्रवेश नाहीं. अनेक गांवच्या स्थानिक संस्थांनीं हा निर्णय बाजूस सारून मुलांस मोकळीक दिली. ज्यांच्यासाठीं परीकथा त्यांनाच दाराशीं अडविणें इंग्रजी व्यवहारबुद्धीसहि पटलें नसावें! जर्मनीची गोष्ट याहून चमत्कारिक. ही कथा ग्रिमबंधूंची, म्हणजे अस्सल जर्मन. गोबेल्सनें १९३७ च्या नाताळांत हिटलरला मिकी माऊसचे चित्रपट भेट दिल्याची नोंद त्याच्या रोजनिशींत आहे. परंतु परकीय चलनावरील निर्बंध आणि दिवसेंदिवस बिघडत चाललेलें राजकारण यांमुळें ‘हिमगौरी’ जर्मनींत लागूं शकला नाहीं. जर्मन मुलांनीं तो पाहिला १९५० सालीं.

अशा रीतीनें हातीं आलेल्या पैशावर डिस्नेबंधूंनीं बरबँक येथें नवा प्रशस्त स्टुडिओ बांधावयास घेतला, कामगारांची संख्या वाढविली, आणि एका वेळीं अनेक मोठे चित्रपट हातीं धरले. ‘पिनोकिओ’चा खर्च सुमारें २६ लाखांवर गेला. ही उधळपट्टी होती असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या उत्पन्नाचा ४५ टक्क्यांपर्यंतचा भाग समुद्रापलीकडून येत होता, त्यानें पुढील खर्च त्याच हिशेबानें धरला, तर त्यांत अविचार कसला? त्याचा हिशेब चुकला तो बेरजेंत नव्हे, तर नकाशांत.

तारखा शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे हें स्पष्ट होतें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर चाल केली. ७ फेब्रुवारी १९४० रोजीं न्यूयॉर्कच्या सेंटर थिएटरांत ‘पिनोकिओ’चा पहिला खेळ झाला. एप्रिलमध्यें डेन्मार्क व नॉर्वे, मे महिन्यांत हॉलंड व बेल्जम, आणि १४ जूनला पॅरिस जर्मनांच्या हातीं गेलें. म्हणजे चित्रपट अमेरिकेंतील थिएटरांतून फिरत असतांनाच त्याचीं परदेशांतील गिऱ्हाइकें एकामागून एक नाहींशीं होत होतीं. इंग्लंड उरलें, परंतु तेथील सरकारनें १९३९ च्या अखेरीसच अमेरिकन कंपन्यांनीं किती पैसा देशाबाहेर न्यावा यावर मर्यादा घातली होती. लंडनच्या मुलांनीं तिकिटें काढलीं तरी त्यांचे पौंड लंडनच्या बँकेंतच पडून राहावयाचे. परभाषांच्या प्रतींचें काम प्रारंभीं स्पॅनिश व पोर्तुगीज एवढ्यावरच थांबलें. आणि कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाचा हा लांकडी पोर आपल्या मायदेशीं पोंचला तो १९४७ सालीं!

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ‘पिनोकिओ’नें घरच्या बाजारांतहि ‘हिमगौरी’ची बरोबरी केली नाहीं. नवलाईचा पहिला बहर ओसरला होता. शिवाय गाढव होणाऱ्या पोरांचा तो भयंकर प्रसंग कांहीं आईबापांस रुचला नसेल. परंतु चित्रकलेच्या दृष्टीनें पाहतां पाण्याखालचीं दृश्यें, पहाटेच्या गांवावरून फिरत येणारी नजर, जेपेटोच्या घरांतील घड्याळें, यांची सर त्यापूर्वीच्या किंवा त्यानंतरच्या फार थोड्या चित्रपटांस येईल. ज्या कृतीचा अर्धा प्रेक्षकवर्ग तोफांनीं हिरावून घेतला, तिच्या जमाखर्चावरून तिच्या गुणांचा निकाल लावणें हा उघड अन्याय आहे, आणि तो अजूनहि चालू आहे. ‘फँटेशिया’चेंहि असेंच झालें. त्यास ध्वनीची खास यंत्रसामग्री लागे व ती बसविणारीं थिएटरें थोडीं, ही अडचण त्यांत आणखी वाढली.

परिणाम व्हावयाचा तो झाला. एप्रिल १९४० मध्यें दोघां भावांच्या घरच्या धंद्यास भागभांडवलासाठीं बाजारांत उभें राहावें लागलें. प्रत्येकी २५ डॉलरांचे १ लाख ५५ हजार भाग विकले गेले. पगार, नोकऱ्यांची शाश्वति, श्रेय कोणास द्यावयाचें, असे प्रश्न आंत धुमसत होतेच. २९ मे १९४१ रोजीं स्टुडिओंत संप झाला. संपाचें सगळें खापर युद्धावर फोडणें बरोबर होणार नाहीं. डिस्नेचा वडीलकीचा तोरा व कामगारांमधील वेतनाची विषमता हीं कारणें खरींच होतीं. पण परदेशचा ओघ चालू असता, तर तीं इतक्या लवकर उघड्यावर आलीं नसतीं. संपापूर्वीची ती मोकळी वर्गमित्रांसारखी मंडळी पुन्हां तशी जमली नाहीं.

संप चालू असतांनाच ऑगस्ट १९४१ मध्यें डिस्ने कांहीं सहकाऱ्यांसह दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. दौरा सरकारच्या पुरस्कारानें होता. हेतु शेजारी राष्ट्रांस जर्मनीच्या वजनाखालीं जाऊं न देण्याचा. त्यांतून निघालेला ‘सालुदोस आमिगोस’ १९४२ सालीं प्रथम रिओ द जानेरो येथें, व ‘द थ्री काबालेरोस’ १९४४ सालीं प्रथम मेक्सिको शहरीं दाखविला गेला. अमेरिकन चित्रपटाचा पहिला मान परक्या राजधानीस मिळावा, हा शिष्टाचार नव्हता, गरज होती. युरोप बंद झाला म्हणून पोपट ब्राझीलचा आला, कोंबडा मेक्सिकोचा. विषय कोठून येतात याचें याहून सरळ उत्तर आम्हांस तरी ठाऊक नाहीं. चौसष्ट मिनिटांचा ‘डंबो’ दहा लाखांच्या आंत उरकला, म्हणूनच तो फायद्यांत राहिला. ‘बांबी’ मात्र महागडा होता. मूळ पुस्तकाचा ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स साल्टेन याचें तें पुस्तक जर्मनींत १९३६ सालींच बंद झालें होतें, आणि चित्रपट निघाला ऐन युद्धांत, १९४२ मध्यें. पहिल्या फेरींत त्याची कमाई खर्चाच्या जेमतेम आसपास राहिली.

युद्ध संपलें, दारें उघडलीं. पण तिजोऱ्या उघडल्या नाहींत. डॉलरांच्या टंचाईनें गांजलेल्या इंग्लंडनें ऑगस्ट १९४७ मध्यें परदेशी चित्रपटांवर ७५ टक्के जकात बसविली. अमेरिकन कंपन्यांनीं नवे चित्रपट पाठविणेंच बंद केलें. १९४८ च्या मार्चमध्यें तडजोड होऊन जकात गेली व वर्षास १ कोटी ७० लाख डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली. उरलेले पैसे इंग्लंडांतच खर्च करावयाचे. आतां इंग्लंडांत हजारों चित्रें काढणारा कारखाना एकाएकीं उभा करतां येत नाहीं, परंतु नट व जहाजें मिळतात. म्हणून डिस्नेनें ‘ट्रेझर आयलंड’ हा माणसांनीं भूमिका केलेला चित्रपट तेथें काढला. तो १९५० सालीं लागला, आणि चित्रांवर जगणारी ती संस्था माणसांच्या चित्रपटांकडे वळली. या वळणाचीं सौंदर्यशास्त्रीय कारणें शोधणारे लेख आम्हीं वाचले आहेत. ते विद्वत्तापूर्ण आहेत, पण त्यांत अडकून पडलेल्या पौंडांचा उल्लेख बहुधा नसतो.

मात्र त्या कोंडीचा एक लाभ झाला. युरोपांत साठून राहिलेले जुने चित्रपट तेथील मुलांस कोरे करकरीत वाटले, आणि दर कांहीं वर्षांनीं नव्या पिढीपुढें जुनाच चित्रपट मांडण्याची रीत, जी अमेरिकेंत १९४४ च्या ‘हिमगौरी’पासून बसली होती, ती परदेशांतहि फळली. जर्मनींत तर याची कमाल झाली. १९६७ सालचा ‘द जंगल बुक’ तेथें १९६८ मध्यें लागला, आणि पुढील पुनःप्रदर्शनांसह त्याचीं सुमारें पावणेतीन कोटि तिकिटें खपलीं. किपलिंगचें तें अरण्य सिवनीचें, म्हणजे आपल्या नागपुराच्या उत्तरेस पसरलेलें. त्यांतील पेंचचा एक भाग महाराष्ट्रांतच येतो. नागपूरकरांनीं याचा थोडा अभिमान बाळगल्यास आमची हरकत नाहीं.

पुढें पारडें फिरलें. २०२४ सालच्या ‘इनसाइड आउट २’ची जगभरची तिकीटविक्री सुमारें १६९ कोटि डॉलर झाली, तींत अमेरिका-कॅनडाचा भाग ६५ कोटींच्या आसपास. (हे आंकडे खिडकीवरचे आहेत, ‘हिमगौरी’च्या वितरकाकडील आंकड्यांशीं ते ताडून पाहूं नयेत.) १९३८ सालीं जो दुसरा खांब होता तो आतां मुख्य झाला आहे.

‘हिमगौरी’ शांघायमध्येंहि लागला होता. तेथील वान बंधूंनीं तो पाहून आपणहि असें कांहीं करावें असें मनांत घेतलें, आणि जपानी फौजांनीं वेढलेल्या त्या शहरांत १९४१ सालीं ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ हा चित्रपट पुरा केला. कथा घेतली चिनी पुराणकथेंतील वानराची. तो १९४२ मध्यें जपानांत दाखविला गेला. पुढें प्रसिद्धीस आलेल्या ओसामु तेझुका यानें तो लहानपणीं पाहिला, आणि जपानच्या आरमारानें आपलाहि एक लांब पल्ल्याचा चित्रपट काढविला. जपानी मुलांना मूळ ‘हिमगौरी’ मात्र १९५० पर्यंत पाहावयास मिळाला नव्हता. त्याच चीनमध्यें २९ जानेवारी २०२५ रोजीं ‘नेझा २’ लागला. हाहि जुन्या चिनी दैवतकथेवरचाच. त्याची तिकीटविक्री २०० कोटि डॉलरांच्या पलीकडे गेली. इतकी मिळकत तोंवर कोणत्याहि अॅनिमेशनपटानें केली नव्हती. आणि ती जवळजवळ सारी एका देशांतली आहे.