मक्ता आणि मैदान

व्यापाऱ्यांनी संगनमत करून गिऱ्हाईक नाडू नये, म्हणून अमेरिकेने १८९० साली शर्मन कायदा केला. पुढे तो फुटबॉलच्या आड आला, ती हकिगत मोठी बोधप्रद आहे.

१९६१ साली तेथील चौदा धंदेवाईक संघांनी आपले सामने एकत्रितपणे टेलिव्हिजनला विकले. सीबीएस कंपनी दोन वर्षे दरसाल साडेशेचाळीस लाख डॉलर देणार आणि ते सर्वांत सारखे वाटले जाणार. फिलाडेल्फियाचे न्यायाधीश ॲलन ग्रिम यांनी करार रद्द केला. चौदा दुकानदारांनी मिळून माल विकला, तर गिऱ्हाइकाने जावे कोठे?

पण दुसरी बाजूही होती. न्यूयॉर्कच्या संघाला एकट्यानेही भरपूर पैसा मिळाला असता. ग्रीन बेसारख्या लहान गावाच्या संघाने काय करावे? लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी संसदेचे दार ठोठावले. एकत्र विक्रीला सूट मिळाली. ३० सप्टेंबर १९६१ रोजी अध्यक्ष केनेडींनी सही केली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ग्रीन बेने न्यूयॉर्कला ३७–० असे लोळवले!

माझ्यातल्या मास्तराला त्यातली एक अट फार भावते. हंगामात महाविद्यालयांचे सामने चालू असताना जवळपास धंदेवाईक सामना दाखवला, तर ही सूट नाही. १९६६ साली शाळांच्या सामन्यांनाही हे संरक्षण मिळाले.

वाचकहो, दुबळ्यासाठी मक्ता द्यावा लागला तरी हरकत नाही. मात्र पोरांचे मैदान आधी राखावे.