दालचिनीच्या झटपट ब्रेडची कुळकथा

दोन कप मैदा, पाऊण कप साखर, एक कप दूध, पाव कप तेल, एक अंडं, चिमूटभर मीठ, अडीच चमचे बेकिंग पावडर आणि दालचिनीची पूड. एवढं सामान असलं की दीड तासाच्या आत घरात दालचिनीचा गोड ब्रेड तयार होतो. पीठ मळावं लागत नाही आणि ते फुगायची वाटही पाहावी लागत नाही. ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी, कशी आणि कशासाठी घडवली हा प्रश्नच डोक्यात येत नाही. मला मात्र या ब्रेडमधली सगळ्यात रंजक गोष्ट तीच वाटते.

पाव आणि दालचिनीची जोडी जुनीच. रॉबर्ट मे या इंग्रज आचाऱ्याच्या 1660 सालच्या पाककृतींच्या पुस्तकात दालचिनी टोस्ट आहे. पावाचे पातळ काप भाजायचे, वर साखर, दालचिनी आणि लाल वाइन घालून ते निखाऱ्यावर गरम करायचे. म्हणजे इथे दालचिनी येते ती पाव भाजून झाल्यावर. ती आधीच कणकेत मिसळायची तर अडचण असते, कारण दालचिनीला जो वास आहे तो ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे, तेच द्रव्य यीस्टची वाढ रोखतं. भरपूर दालचिनी घातलेली यीस्टची कणीक आळसावते, नीट फुगत नाही. म्हणून यीस्टवर काम करणारे बेकर दालचिनी लोणी-साखरेत कालवून कणकेच्या पोळीवर पसरतात आणि गुंडाळी करतात. स्वीडनमधल्या कानेलबुल्ले या प्रसिद्ध दालचिनी बनमध्येही वेलची कणकेत असते आणि दालचिनी सारणात.

शिवाय यीस्ट म्हटलं की वेळ आला. गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, यीस्टऐवजी माडाची सूर वापरून पाव फुगवला, पण पीठ आंबेपर्यंत थांबणं त्यांनाही चुकलं नाही.

हे थांबणं संपवण्याची सुरुवात राखेतून झाली. अठराव्या शतकात अमेरिकेत जंगलं तोडून शेतं तयार होत होती आणि लाकडाची राख ढिगांनी पडत होती. राखेतून पाणी झिरपवायचं, ते पाणी लोखंडी कढयांत आटवायचं आणि उरलेला खार भट्टीत पुन्हा भाजून पांढरा करायचा. आपल्या पापडखाराच्याच जातकुळीतला हा पदार्थ, पर्लअ‍ॅश. तो साबण आणि काचेसाठी लागायचा आणि त्याला एवढी मागणी होती की 1790 मध्ये अमेरिकेने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट सॅम्युअल हॉपकिन्स यांना याच खाराच्या पद्धतीसाठी मिळालं. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. 1796 मध्ये अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात पर्लअ‍ॅश घालून फुगवलेले गोड पदार्थ छापून आले. खाराला आंबट दूध किंवा काकवी भेटली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, आणि पीठ काही मिनिटांत हलकं होतं. दोष एकच होता: तुपातेलाशी गाठ पडली की पर्लअ‍ॅशची चव साबणासारखी लागायची.

पुढे त्याच्या जागी खाण्याचा सोडा आला. 1846 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ड्वाइट आणि चर्च या मेहुण्यांनी तो पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. तरीही दूध किती आंबट आहे याचा अंदाज बाईला स्वतःच बांधावा लागे. सोडा जास्त पडला की ब्रेड पिवळा आणि कडवट, कमी पडला की दडस.

यावरचा तोडगा बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी त्याआधीच घरच्या गरजेपोटी शोधला होता. हे औषधविक्रेते. पत्नी एलिझाबेथ यांना अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं. बर्ड यांनी आधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि 1843 मध्ये सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली. एका माणसाने आपल्या बायकोला सोसेल असा ब्रेड करायचा ध्यास घेतला, आणि त्यातून जगभरच्या स्वयंपाकघरांची पद्धत बदलली. मला या कुळकथेतला हा भाग फार जवळचा वाटतो.

त्या काळी हे कोरडं आम्ल म्हणजे क्रीम ऑफ टार्टर, वाइनच्या पिंपांत साचणारा थर. तो युरोपातून यायचा, म्हणून अमेरिकेत महाग पडे. हार्वर्डमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी हाडांपासून कॅल्शियमचं आम्लयुक्त फॉस्फेट काढलं आणि 1856 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यात मक्याचं स्टार्च मिसळलं गेलं. ते दमटपणा शोषून घेतं, म्हणून सोडा आणि आम्ल एकाच डब्यात न बिघडता राहू लागले. आता फॉस्फेट खाणीतल्या खडकापासून बनतं, हाडांचा संबंध उरलेला नाही. आणि आजच्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात, एकदा ओल्या मिश्रणात आणि पुन्हा ओव्हनच्या उष्णतेत. त्यामुळे मिश्रण भांड्यात थोडं थांबलं तरी ब्रेड बसत नाही.

यीस्टच गेलं, तेव्हा दालचिनीवरचं बंधनही गेलं. बेकिंग पावडरला सिनॅमाल्डिहाइडशी काही देणंघेणं नाही. दालचिनी पिठात हवी तेवढी मिसळता येते.

खुद्द दालचिनीला मात्र असा कुठला सोपा मार्ग मिळालेला नाही. पोर्तुगीज 1505 मध्ये श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागले आणि तिच्या व्यापारावर पकड बसवत गेले. 1658 पर्यंत डचांनी त्यांना बेटावरून हुसकावलं, आणि 1796 मध्ये इंग्रज आले. मालक बदलत गेले, सोलणारे हात सलागम जातीच्या लोकांचेच राहिले, आणि त्यांच्यावर ते काम सक्तीचं होतं. काम आजही हातानेच चालतं. पावसानंतर फांद्या तोडायच्या, वरची करडी साल खरवडायची, पितळी कांबीने फांदी घासून आतली साल सैल करायची, बारीक सुरीने दोन उभ्या चिरा द्यायच्या आणि ती अलगद सोडवायची. ही साल कागदासारखी पातळ असते. एकीत एक घालून लांब नळी करतात आणि सावलीत वाळवतात. जाडी जितकी कमी तितका दर्जा वरचा.

बाजारात दालचिनी म्हणून आपल्याला बहुधा मिळतो तो कॅसिया, जाड आणि कडक सालीचा. त्याचा वास तिखट, शिवाय त्यात यकृताला अपायकारक कुमॅरिन जास्त असतं, म्हणून वरचेवर करायच्या ब्रेडसाठी मी पातळ दालचिनीच घेते. कोकणातही ती पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचं वाण काढलं आहे. नळी हाताने चुरडता आली पाहिजे, हीच तिची खूण.

आता ब्रेड. कोरडं सामान चाळून घ्यावं, अंडं, दूध आणि तेल वेगळं फेटावं, आणि दोन्ही फक्त एकजीव होईपर्यंत ढवळावं. जास्त ढवळलं तर ब्रेड चिवट होतो. अर्धं मिश्रण साच्यात, वर पाव कप साखर आणि दोन चमचे दालचिनी, मग उरलेलं मिश्रण. सुरीचं टोक बुडवून नागमोडी फिरवलं की आत तपकिरी रेघ उमटते. 180 अंशांवर पाऊण तास. मध्ये काडी घालून पाहावी, कोरडी निघाली की ओव्हन बंद.