बधिर हातांचे विणकाम

भंडारा हा हातांच्या कसबावर जगलेला जिल्हा आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर बांधव कोसा पोसतात. मोहाडी-आंधळगावचे विणकर त्याचे वस्त्र करतात. पितळेच्या भांड्यांनी तर भंडारा शहराला दूरदूरपर्यंत नाव मिळवून दिले. अशा मुलखात माणसाची किंमत त्याच्या हातांवरून ठरते. आणि पिढ्यान्‌पिढ्या याच पूर्व विदर्भात ठाण मांडून बसलेला कुष्ठरोग नेमका हातांवर घाला घालतो. म्हणूनच या रोगाचा इतिहास आम्ही हातांच्या अंगाने पाहू इच्छितो.

१८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले. त्याच वर्षी फादर डेमियन यांनी हवाई बेटांतील मोलोकाई येथील कुष्ठवस्तीत पाऊल ठेवले. ते केवळ मिस्सा अर्पण करून थांबले नाहीत. करवत आणि हातोडा घेऊन, रोग्यांना सोबतीला घेऊन त्यांनी घरे बांधली, शवपेट्या केल्या. रोग त्यांनाही जडला. तरी १८८९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे हात कामातच होते. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

आपल्या देशात मात्र १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना वेगळे डांबण्याची तरतूद केली. समाजाचा त्यांच्याशी उरलेला संबंध एकच, दुरून टाकलेल्या पैशाचा. हात भीक घेण्यापुरता शिल्लक राहिला. शरीरापेक्षा ही जखम खोल होती.

तिच्यावरचा उपचार विदर्भाच्याच मातीत सुरू झाला. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरची कुष्ठवसाहत उभारली. पुढे १९५१ साली बाबा आमटे यांनी वरोड्याच्या खडकाळ माळावर सहा रोग्यांसह आनंदवनाला आरंभ केला. दान माणसाला पंगू करते, काम त्याला उभे करते, ही त्यांची धारणा होती. तेथे शेती पिकली, हातमाग चालले, सुबक शुभेच्छापत्रे तयार झाली. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या हातची वस्तू लोक मोल देऊन घरी नेऊ लागले. भिकेचा पैसा आणि मोलाचा पैसा यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने दोन्ही हातात घेतले त्यालाच कळते.

हे काम सोपे नव्हते. मज्जातंतू निकामी झाले की स्पर्श जातो, बोटे आत वळतात. चटका बसला तरी हाताला कळत नाही. बोटे रोग खातो, असा जुना समज होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, न कळलेल्या जखमा चिघळूनच बोटे झडतात. म्हणून अशा कारागिराला बोटांचे काम डोळ्यांवर सोपवावे लागते. हत्याराची मूठ जाड करावी लागते, तिला कापड गुंडाळावे लागते. काम संपल्यावर तळहात न्याहाळायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे. सुदृढ विणकराला तुटलेला धागा बोटांना जाणवतो. याला तो शोधावा लागतो. त्याच्या कापडात सुतासोबत एवढी सावधानता विणलेली असते.

बंगालमध्ये टिटागढ येथे मदर तेरेसांच्या संघाने कुष्ठरोग्यांसाठी गांधी प्रेम निवास चालवले. त्या संघाच्या भगिनींची निळ्या काठांची पांढरी साडी आपल्या ओळखीची आहे. ती साडी तेथील मागांवर कुष्ठरोगी विणतात. सेवा करणारीच्या अंगावरचे वस्त्र, जिची सेवा करायची तिच्या हातचे! देणारा कोण आणि घेणारा कोण, हा भेद येथे पुसला जातो.

आज बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत कुष्ठरोग बरा होतो, आणि हे औषध मोफत मिळते. १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण होते. तेही २०१९ साली वगळण्यात आले. परंतु औषधाने जंतू मरतात, गेलेला स्पर्श बहुधा परत येत नाही. उरलेले आयुष्य त्याच हातांनी काढावे लागते.

हे केवळ कुष्ठरोग्यांपुरते नाही. सिकलसेल, पक्षाघात, संधिवात यांनी खिळलेली माणसे आपल्या घरांतही आहेत. आपण त्यांना जेवण देतो, औषध देतो, आणि प्रेमापोटीच म्हणतो, ‘तुम्ही काही करू नका.’ हे वाक्य किती कठोर आहे, याचा आपण विचार करीत नाही. वेदीवरील एखादे वस्त्र, नाताळच्या गोठ्यातील मातीची मेंढरे, एखादी जपमाळ त्यांच्याकडून करवून घ्यावी. वेळ लागला तर लागू द्यावा.

दीक्षाविधीत आम्हां धर्मगुरूंच्या तळहातांना पवित्र तेल लावले जाते. रोग्यांना अभ्यंग करताना आम्ही कपाळासोबत त्यांच्या हातांनाही तेल लावतो. ज्या हातांना ख्रिस्तसभा अशा रीतीने स्पर्श करते, ते निरुपयोगी कसे म्हणावेत? संत मार्कच्या शुभवर्तमानातील वाळलेल्या हाताच्या माणसाला प्रभूने सभास्थानाच्या मधोमध उभे केले आणि तोच हात पुढे करायला सांगितला. आपणही आपल्या रुग्णांना तेवढी जागा द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.