नदीची प्रतिकृती

श्रोतेहो, आपल्या इन्सुली-बांद्याकडची तेरेखोल नदी पावसाळ्यात कशी फुगते, हे तुम्हांला सांगायला नको. समजा, उद्या तिच्यावर नवा पूल बांधावयाचा ठरला. तर पुराचे पाणी कुठवर चढेल? खऱ्या नदीवर प्रयोग करता येत नाही. म्हणून तिची लहान प्रतिकृती करतात. पण प्रतिकृतीचा आकार चुकला तर उत्तर चुकते, आणि त्याचे भोग काठावरच्या माणसाच्या वाट्याला येतात.

1885 च्या सुमारास ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी इंग्लंडात मँचेस्टर येथे मर्सी नदीच्या खाडीची प्रतिकृती केली. लांबीरुंदीला माप घेतले मैलाला 2 इंच. खोलीला मात्र 80 फुटांना 1 इंच. अशी दोन मापे का बरे? खोलीलाही पहिलेच माप लावले असते, तर 80 फूट पाणी तिथे एक मिलिमीटरसुद्धा भरले नसते. इतका पातळ थर नदीसारखा वाहत नाही, तळाला चिकटून रेंगाळतो. म्हणजे पाण्याने खरे वागावे म्हणून आकार जाणूनबुजून बदलावा लागला!

आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1916 साली पाटबंधाऱ्यांसाठी एक खास विभाग निघाला. पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. त्याच्या जडणघडणीत क्लॉड इंग्लिस यांचा वाटा मोठा. खोलीचे माप वाढवले की प्रतिकृतीतला उतारही वाढतो आणि पाणी धावू लागते. मग तळाला खडे बसवून त्याला आवरायचे. खरी कसोटी पुढेच. मागच्या पुराची जी खूण ठाऊक आहे, तिथवरच पाणी चढते का? तसे चढेपर्यंत दुरुस्ती चालते. नव्या पुलाचा प्रश्न त्यानंतर.

आता नदी संगणकातही मांडतात. जमीन लहान लहान त्रिकोणांनी विणायची. इथल्या चुका निराळ्या, पण जात तीच. दोन तुकड्यांची शिवण उघडी राहिली की गणित अडते, नाही तर पाणी भलतीकडे जाते. विमानातून घेतलेल्या मोजणीत माडापोफळींचे शेंडेच जमीन समजले गेले, तर सखल बागेची टेकडी होते. पुलाचा माथा जमीन धरला, तर पूल धरण होऊन बसतो! म्हणून आधी शिवणी तपासाव्यात, एकावर एक पडलेले त्रिकोण काढावेत, नदीचे छेद काठावरच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडावेत, आणि शेवटी जुना पूर त्यात सोडून पाहावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा जुना पूर कुठवर आला होता, हे गावातली वडीलधारी माणसे सांगतात. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांनी दाखवलेली पातळी शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर साल घालून नोंदवा. पुढे कुणी या नदीची प्रतिकृती केली, तर ती खरी की खोटी हे याच रेघेवरून ठरेल.