रोजच्या भाकरीचा भरवसा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन आहे. 1890 च्या दशकात इथे पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, ती फळबागेसाठी. पुण्यातल्या शारदासदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेचा खर्च अमेरिकेतल्या देणग्यांवर चालत होता, त्यांची मुदत दहा वर्षांची होती. पुढे संस्थेला हक्काचं उत्पन्न असावं म्हणून झाडं लावायची, विहिरी खणायच्या, असा साधा हिशेब होता. झाडांना फळं धरायच्या आधीच दुष्काळ आला आणि बागेच्या जागी दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांची वसाहत उभी राहिली. 1900 च्या सुमारास तिथे राहणाऱ्यांची संख्या एकोणीसशेच्या घरात होती. माणशी दोन वेळच्या दोन-दोन भाकऱ्या धरल्या तरी दिवसाला साडेसात हजार भाकऱ्या होतात. एवढ्या माणसांच्या खर्चाची हमी देणारं ना सरकारी अनुदान होतं, ना कोणा संस्थानिकाचा वर्षासनाचा कागद. देव पुरवील, असं बाई म्हणत.

आज हे वाक्य भाबडं वाटेल. पण ते म्हणणाऱ्या बाईंनी देवावर हवाला टाकून बसल्यावर काय होतं, ते लहानपणीच स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि हट्टी. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला. तिथेच 1858 मध्ये रमेचा जन्म झाला. पुढे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरू लागलं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, श्रोते देतील त्यावर निर्वाह करायचा, आणि उरेल ते दानधर्मात घालायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काही नव्हतं. मजुरी करणं कुळाला शोभेना, भीक मागणं जमेना. उरलंसुरलं विकून त्यांनी व्रतं केली, अनुष्ठानं केली, मूर्तींपुढे पैसे ठेवले आणि वाट पाहिली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात ते मरणाच्या तयारीने शिरले. अकरा दिवस पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील जलसमाधी घ्यायला निघाले तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी पडेल ते काम करीन. पण उशीर झाला होता. काही महिन्यांच्या आत वडील, आई, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरे पडेनात. रमा उंचीने ठेंगणी, म्हणून तिने आपल्या वाट्याचं ओझं डोक्यावर घेतलं. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात बाईंनी हे कोरड्या, संथ शब्दांत सांगितलं आहे. वाचणाऱ्याच्या अंगावर मात्र काटा येतो.

त्यानंतर बहीण-भाऊ हजारो मैल पायी चालले. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि कॉलऱ्याने नवराही गेला. 1882 मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 1883 मध्ये इंग्लंड गाठलं. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. पण तिकडे वाँटेजच्या धर्मभगिनींनाही ही शिष्या काही सोपी गेली नाही. अमुक मत का मानायचं, पुरुषांना शिकवायला हरकत कशाची, चर्चचा अधिकार माझ्या विवेकाच्या वर कसा, असे प्रश्न त्या पत्रांतून विचारत राहिल्या. एका धर्मातल्या पुरोहितांचं ऐकायचं नाही म्हणून दुसऱ्या धर्मातल्या पुरोहितांचं ऐकायला त्या गेल्या नव्हत्या.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई झाली. सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलेलं असलं, तरी बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असे आणि मुली आत येऊन बसत. 1893 मध्ये यावरून भडका उडाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. बाईंनी कुणाला हाताला धरून आत नेलं नव्हतं, आणि ज्या घरात सगळा आधार एकाच व्यक्तीचा, त्या घरात तिचं उघडं दार हेही एक आमंत्रणच असतं.

बाईंच्या मनाची खरी उलथापालथ मात्र बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी झाली. हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त नव्हे. पुढे त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरची हकिगत आली. या माणसाने हजारो अनाथांना सांभाळलं आणि मदतीसाठी कुणाकडेही हात पसरला नाही, फक्त प्रार्थना केली. चीनमधल्या इनलँड मिशनचीही अशीच कथा त्यांनी वाचली. हिंदुस्थानात असं होईल का, हा प्रश्न त्यांना पडला.

उत्तराची वेळ 1896-97 मध्ये आली. मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या वाचून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदतछावण्यांतली हाडांची पोरं आणि कुणाच्याही हाती सापडू शकणाऱ्या तरुण विधवा पाहताना वीस वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांपुढे आलं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि शहरात एवढा जमाव ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. तेव्हा केडगावच्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षी प्लेगच्या इस्पितळात बायकांची होणारी आबाळ बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप धुडकावले, बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत. सत्ताधारी आपल्याच धर्माचे आहेत, ही सबब त्यांना पटणारी नव्हती.

1898 मध्ये देणग्या देणाऱ्या अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली. वसाहतीला ‘मुक्ती’ नाव मिळालं. गुजरातच्या दुष्काळाने 1900 मध्ये आणखी शेकडो मुली आल्या. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्यांसाठी आणि पंगूंसाठी प्रीतिसदन निघालं, आंधळ्यांनाही वेगळं घर मिळालं. कामाला मात्र सुट्टी नव्हती. मुली माग चालवत, तेल गाळत, गायी सांभाळत, शिवण करत, भाजी पिकवत, छापखान्यात खिळे जुळवत. विहिरी खणून झाल्या होत्याच. बापाच्या घरी हात जोडून वाट पाहणं पाहिलेल्या मुलीने उभारलेली ही व्यवस्था होती. सकाळी प्रार्थना, मग काम, आणि तरीही तूट उरली तर पुन्हा प्रार्थना.

संशयी वाचक इथे विचारील, की मागायचं फक्त देवाकडे, तर मग ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं इंग्रजी पत्रक का छापलं जाई? ते विलायतेत आणि अमेरिकेत पोचे आणि वाचणारे पैसे पाठवत. म्युलरही वर्षाचा अहवाल छापत असे. देव पुरवतो यावर श्रद्धा असलेल्या माणसांना टपालखात्याचं वावडं नव्हतं, इतकंच. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. उपाशी पोरीला जेवू घालून तिला ख्रिस्ती केली, असं तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. बाईंनी आपला हेतू कधी लपवला नाही. पण ज्यांना हे खुपत होतं त्यांनी त्या छावण्यांतून किती मुली आणल्या, हा उलटा प्रश्नही टळत नाही.

1905 च्या जानेवारीत केडगावात रोज सकाळी सत्तर जणी खास प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला, आणि महिन्याच्या अखेरीस ज्याला ख्रिस्ती लोक ‘संजीवन’ म्हणतात ते घडलं. मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. इंग्रजी शिस्तीच्या पाद्र्यांना हा कल्लोळ मानवला नाही, बाईंनी तो थांबवला नाही. मिनी एब्रम्स या त्यांच्या सहकारिणीने त्यावर 1906 मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं आणि चिलीतल्या वालपराइसो इथे आपल्या मैत्रिणीला, हूव्हरबाईंना पाठवलं. तिथे 1909 मध्ये जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली, तिच्या इतिहासात केडगावचं नाव येतं. दौंड तालुक्यातल्या एका शेतातून दक्षिण अमेरिकेत ठिणगी गेली, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही.

शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत मजकूर उतरवू लागल्या. ऐकू कमी येत होतं. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्याच बायका करत, ज्यांतल्या कित्येकींनी अक्षर प्रथम पाहिलं ते इथेच. 1919 मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं. जिच्या हाती संस्था सोपवायची ती मनोरमा 24 जुलै 1921 रोजी मिरजेत वारली. कोवळ्या वयापासून माणसं गमावत आलेल्या या बाईंचं हे अखेरचं माणूस. त्यांनी भाषांतर पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर पडलं. मराठी चर्चांनी मात्र आपलं जुनंच भाषांतर व्यासपीठावर ठेवलं. रमाबाईंची प्रत अभ्यासकांच्या कपाटात गेली, आणि केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार बायका-मुलांना सांभाळतं.